गरम असताना

सकाळी सहाला ती एका सेल्फात लागते,
इतक्या मुकाट्यानं
की दारातलं कुत्रं मानही वर करत नाही.
अशोक चौकातून निघते. मागच्या सीटा कधीच काढल्यात,
तिथं टॉवेल, डझनाच्या गड्ड्या, सुतळीच्या गाठी,
आणि माझ्या मांडीखाली इंजिन.
चौऱ्याण्णवची ऑम्नी.
इंजिन बघायचं तर आधी ड्रायव्हरनं उठायचं.

जाताना कधीच काही नाही.
ट्रान्सपोर्टच्या दारात बंद केली, माल उतरवला,
पावती घेतली, दहा मिनिटं, फार तर अकरा,
की सेल्फ फिरतो, फिरतो, खोकतो
आणि ती नाही म्हणते.
मे महिना. पारा चव्वेचाळीस.
स्टिअरिंगला पदर गुंडाळून धरावं लागतं.

निदान प्रत्येकाकडं होतं.
हमाल म्हणाले, ढकला. ढकलली पाणपोईपर्यंत,
तिथं सगळ्यांनी पाणी पिलं.
सोडावाला म्हणाला, पेट्रोलात भेसळ.
जाऊ राजमणी तेलुगूत म्हणाली, लिंबू बांध.
बांधलं. लिंबू वाळलं.
दीर म्हणाला, वीक.
भंगारवालाही तेच म्हणाला, फक्त आकडा सांगून.
बॅटरी नवी टाकली. प्लग बदलले.
पंपावर ओलं फडकं टाकायचं, हे इथं
पोर बोलायला लागायच्या आधी शिकतं.
माझ्याच सेकंड मालातला टॉवेल भिजवला,
काठ उसवलेला.
दोनदा लागली. तिसऱ्यांदा नाही.

मग सायबण्णा. अक्कलकोट रोडला, चिंचेखाली,
पाटी नाही, टायरावर बसलेला.
गाडीला हात लावला नाही, आधी मलाच विचारलं.
गार असताना लागती?
लागते.
चालता चालता कधी बंद?
बंद नाही. एकदा होटगी रोडला झटके दिले.
मग परत किती वेळानं लागती?
एक सोडा आणि अर्धा पेपर, मी म्हटलं.
तो हसला नाही. मनात मोजलं असावं.
"तापू द्या की मग.
दुखतंय तवाच दाखवायचं असतंय."

वीस मिनिटं नुसती चालू ठेवली.
बंद केली. बसलो.
एक बकरी येऊन सीटवरची पावती हुंगून गेली.
मारा सेल्फ, म्हणाला, आणि प्लगची वायर
लोखंडाजवळ धरली.
काही नाही. काडीइतकंही नाही.
"पेट्रोल येतंय. ठिणगी न्हाई."
माझाच टॉवेल भिजवून पिळला,
पण पंपाकडं गेलाच नाही,
कडेला मुठीएवढा काळा डबा होता, कॉइल,
त्याला गुंडाळला, तापल्या पोराच्या कपाळाला घालतात तसा,
आणि कानडीत शंभरापर्यंत मोजलं.
आता मारा.

लागली.

आत तार असते म्हणे, केसाहून बारीक,
हजारो वेढे, एकावर एक.
कुठंतरी तुटलीय.
गार असली की टोकाला टोक टेकतं,
तापली की सुटतं.
मी सव्वीस वर्षं मागावर उभी आहे.
मला दुसरं काय सुचणार?
"सांधता येत नाही?"
चालत्या मागावर दोन टोकं चिमटीत आली
की माझी बोटं बघायच्या आधी गाठ मारतात.
"न्हाई ओ अक्का," म्हणाला,
"हिचं टोकच कुणाला घावत न्हाई."

नवी कॉइल साडेसहाशे. बसवायचे पैसे घेतले नाहीत,
दोन टॉवेल घेतले, चांगल्या मालातले, उजेडात धरून बघून.

दुसऱ्या दिवशी पावती घेतली, बसले,
किल्ली फिरवली.
लागली की. पटकन. गरम असताना.
हात उगाच मागं गेला, पाण्याच्या बाटलीकडं.
आणि समोर सोडावाल्यानं
मला बघून, रोजच्यासारखी,
गोळी आत दाबली होती.
आता ती बाहेर कशी येणार?

बंद केली. उतरले.
पेपर कुठाय म्हटलं.